जुन्या वाणाची शुगर

मला झालेल्या आजाराचा प्रकार बदलून मिळावा, यासाठी आमच्या घरातून एकदा रीतसर प्रयत्न झाला होता. माणसं आजार बरा व्हावा म्हणून धडपडतात. आमच्याकडच्यांची तेवढी अपेक्षा नव्हती. शुगर राहू द्या, फक्त नंबर वनची काढून नंबर टूची द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आमच्याकडचे म्हणजे मुख्यतः मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मारेगावला मेन रोडवर त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मागच्या गल्लीत घर, आणि घरात आम्ही सगळे एकत्र: मोठेबाबा, त्यांचा मुलगा, वहिनी, आई, बाबा आणि मी. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, मी लहान असतानाच गेली होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वर्गात ते बोलत असणार, घरी मोठ्या भावासमोर बोलत नसत.

मी वणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी वळणाचं मराठी बोललं की हशा. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं पडायचं. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात माझ्याविषयी बरीच चर्चा झाली आणि तीत माझा सहभाग जवळजवळ नव्हता.

ती वर्षं बीटी कपाशीची होती. कापसाला भाव नव्हता. पांढऱ्या गाड्यांतून माणसं आमच्या भागाचा अभ्यास करायला यायची, आणि ती काय विचारणार हे लोकांना इतकं पाठ झालं होतं की गाडीचं दार उघडायच्या आत उत्तर सुरू व्हायचं. कशावरच कोणाचा भरवसा उरला नव्हता. भरवसा उरला होता तो एका गोष्टीवर, बीटी-टूवर. आधी बीटी-वन आलं होतं. मग टू आलं. वनला फवारण्या जास्त लागत, टूला कमी, म्हणून प्रत्येकाला टू पाहिजे होतं. जून लागला की दुकानासमोर टूसाठी रांग लागायची आणि वनच्या थैल्या मागच्या रॅकवर धूळ खात पडायच्या. नवा नंबर चांगला, जुना नंबर वाईट. आमच्या तालुक्यात ही गोष्ट शाळेत न गेलेल्यालाही माहीत होती.

अशात मोठेबाबांना शुगर निघाली. डॉक्टरांनी कागदावर टाइप टू लिहिलं. मोठेबाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दुकानात बसणाऱ्यांना ते सांगू लागले, "चांगल्या वानाची हाये. दोन गोळ्यात काम भागते." त्यानंतर बस स्टँडच्या परिसरात कोणालाही शुगर निघाली की तो आधी दुकानात येऊन नंबर सांगून जायचा. सगळ्यांचा टू निघे. मध्यम वयाच्या माणसांत बहुतेक वेळा तोच निघतो, हे मला फार नंतर कळलं. दुकानातल्या बाकावर मात्र असा समज झाला होता की मारेगावची माणसं पारखून घेतात.

माझा आजार यवतमाळच्या होस्टेलमध्ये सुरू झाला. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपत आलं होतं. मला तहान लागायची. बाटलीभर पाणी संपवून पुन्हा नळावर जायचे, आणि नळावरून आले की बाथरूमकडे. सलवारीची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागे. रूममेटला वाटलं मी डायटिंग करते आहे, आणि कोणतं डायटिंग ते मी सांगत नाही म्हणून ती रुसली. मी तिला काहीच सांगितलं नाही. मी कोणालाच काही सांगत नसे. शेवटी प्रॅक्टिकलच्या तासाला माझा श्वास विचित्र चालू लागला आणि पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा हाताला सलाइन होतं.

तिथल्या डॉक्टर बाई पलंगावर माझ्या पायाशी बसल्या आणि इंग्रजीत बोलू लागल्या. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझ्याशी अशा भाषेत बोलत होतं जिच्यात मला उलटे प्रश्न विचारता येत होते. त्यांनी सांगितलं, हा टाइप वन आहे. शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या तुझ्या शरीरानंच चुकून नष्ट केल्या आहेत. गोड खाऊन हे होत नाही, आणि यात तुझी किंवा कोणाचीच चूक नाही. आता इन्सुलिन रोज बाहेरून घ्यायचं. मग त्या म्हणाल्या, एक दिवसही चुकवायचं नाही. चुकवलंस तर पुन्हा इथंच येशील, आणि दरवेळी वेळेवर येशीलच असं नाही.

ते वाक्य मी नीट ठेवून दिलं.

आई-बाबा आले. बाबांच्या मोबाइलवर मोठेबाबांचा फोन आला. वॉर्ड शांत होता, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कोनता नंबर निघाला?"

बाबांनी आवाज खाली आणला. "वन."

मग मोठेबाबा म्हणाले, "आता कोनी वन लावते का?"

मी घरी आले तेव्हा पेरणीचे दिवस होते. बायका भेटायला यायच्या आणि उरलेल्या मालाकडे पाहावं तशा माझ्याकडे पाहायच्या. त्यांचं एकमत झालं होतं की हे कॉन्व्हेंटमुळे झालं. कशामुळे, यावर मतभेद होते. एकीच्या मते तिथे मुलींना चॉकलेट वाटतात. दुसरीच्या मते इंग्रजी वाचून डोकं तापतं आणि तापलं की साखर खाली उतरते. मी दोघींनाही चहा दिला.

त्याच सुमारास वहिनीलाही शुगर निघाली. तिला सातवा महिना होता. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही गरोदरपणात येणारी शुगर आहे. बाळंतपणानंतर ती बहुतेक जाते, पण पुढे दरवर्षी तपासत राहायचं, कारण अशा बाईला नंतर टाइप टू होऊ शकतो. मोठेबाबांनी यातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि निकाल दिला: हंगामी. दुकानात मालाची मांडणी करावी तशी त्यांनी घरातल्या शुगरची मांडणी करून टाकली. समोरच्या रॅकवर ते स्वतः. मधे वहिनी. मागच्या, धुळीच्या रॅकवर मी. वहिनी पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "बाई, तुमचं बारमाही हाये. माह्यं पोळ्याच्या सणापर्यंत निघून जाईन." ती चिडवत होती, पण पुढची पोळी माझ्यासाठी तिनं बिनतुपाची केली आणि आपली पण.

इन्सुलिन थंड ठेवायचं होतं. घरचा फ्रिज लोडशेडिंगमुळे दिवसाचा बराच वेळ कपाटासारखा उभा असायचा. दुकान मात्र तहसील कचेरीच्या लाइनवर होतं, तिथे वीज टिकायची. दुकानात एक छोटा फ्रिज होता. त्यात जिवाणू खताची पाकिटं आणि मोठ्या गिऱ्हाइकांसाठी पाण्याच्या बाटल्या असत. त्यात माझ्या बाटल्यांना जागा मिळाली. किल्ली मोठेबाबांच्या जानव्याला नाही तर बनियनच्या खिशात असे. सकाळ-संध्याकाळ ते स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली घरी आणत आणि माझं झालं की परत नेत. एकदा एका शेतकऱ्यानं फ्रिजमध्ये ती पाहून विचारलं म्हणे, हे नवीन काय आलं, कपाशीच्या लाल्या रोगावर चालते का. मोठेबाबांनी त्यावर थोडा विचार केला आणि सांगितलं, नाही, हे वनवरच चालते.

बाटली देऊन ते लगेच निघून जात. पहिल्या दिवशी थांबले होते. मी पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली, तेव्हा मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मोठेबाबा उंबऱ्यावर बसले होते. कपाळ घामानं डबडबलेलं. आईनं त्यांना पाणी दिलं. ज्या माणसानं आयुष्यभर उघड्या हातांनी विषारी औषधं मापून दिली, त्याला माझी नखाएवढी सुई पाहवत नव्हती. पुढे जे झालं ते यातूनच झालं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून त्यांचा राग करणं कठीण होतं.

ते विचार करू लागले. त्यांचा विचार असा: वनला फवारणी जास्त, टूला कमी. पोरीला वन आहे, म्हणून रोज दोनदा टोचावं लागतं. मला टू आहे, म्हणून गोळीत भागतं. तेव्हा पोरीचा वाणच बदलायला पाहिजे. यात कुठे खोट काढावी, हे दुकानातल्या बाकावर कोणालाही सुचलं नाही. खरं सांगायचं तर ऐकताना क्षणभर मलाही सुचलं नाही.

मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो, मोठेबाबांवर उपचार करणारे तालुक्याचे डॉक्टर होते त्यांच्याकडे. मोठेबाबा, बाबा आणि मी. मोठेबाबा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "साहेब, हिले टूमध्ये घ्या."

डॉक्टरांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं. हे दोन वेगळे आजार आहेत, दोन्हीत रक्तातली साखर वाढते म्हणून नाव एक पडलं आहे. तुमच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट जुमानत नाही, गोळी ते सुधारायला मदत करते. हिच्या शरीरात ते बनतच नाही. हिला गोळी देऊन काही होणार नाही. वनचा टू होत नाही, टूचा वन होत नाही.

मोठेबाबा हे सगळं ज्या चेहऱ्यानं ऐकत होते तो चेहरा मी ओळखत होते. बियाण्याच्या कंपनीचा माणूस बोलताना ते असेच ऐकत. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर ते टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, "शॉर्टेज हाये का? सांगा. आपन कोनाले सांगत नाई."

डॉक्टर म्हणाले, कसलं शॉर्टेज.

"म्हंजे लिंकिंग हाये."

लिंकिंग म्हणजे काय ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, बाबांना होतं, आणि बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. ज्या बियाण्याला मागणी असते त्याच्या थैलीसोबत न खपणारी एखादी बाटली गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. मोठेबाबांना त्याची बारीकसारीक माहिती होती, कारण हंगामात ते स्वतः करत. त्यांना वाटलं, इंजेक्शन खपत नाही म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आवाज चढवून सांगितलं की या मुलीचं इन्सुलिन एक वेळही बंद करायचं नाही.

बाहेर पायरीवर चपला घालताना मोठेबाबा बाबांना म्हणाले, "पाह्यलं? इतक्या जोरानं नाई म्हनते म्हंजे माल हाये."

दोन दिवसांनी रविवार होता. सकाळी मोठेबाबांनी नेहमीप्रमाणे बाटली आणली, मी इन्सुलिन घेतलं, त्यांनी बाटली परत फडक्यात गुंडाळली. मग खिशातून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. टूचं औषध टूचं काम करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. काही दिवस टूचं औषध पोटात गेलं की शरीर आपोआप टूला लागेल. बाटली आता संध्याकाळपासून येणार नाही.

"आता टोचनं बंद, माय," ते म्हणाले. इतक्या मायेनं ते माझ्याशी क्वचितच बोलले असतील.

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्या घरात माझ्या मान हलवण्याचा अर्थ ज्याला जो पाहिजे तो घेत असे. मोठेबाबा खूश होऊन दुकानात गेले, फ्रिजची किल्ली खिशात.

दुपारी आई खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, सांग ना त्याइले. मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, सून होऊन मी कशी सांगू. मग आम्ही दोघी त्या गोळ्यांच्या पट्टीकडे बघत बसलो. बाबा मधे एकदा दारापर्यंत आले आणि पाणी पिऊन गेले. चार वाजायच्या सुमारास मला तहान लागली. जूनचा उकाडा होता, सगळ्यांनाच तहान लागत होती. माझी तहान उकाड्याची की त्या दुसऱ्या गोष्टीची, मला ठरवता येईना. मी पाणी प्याले. पुन्हा लागली. डॉक्टर बाईंचं ठेवून दिलेलं वाक्य मी बाहेर काढून पाहिलं. संध्याकाळच्या जेवणाआधी मला ती बाटली पाहिजे होती.

मी दुकानात कधी जात नसे. तिथे पुरुष असत, बाकावर, पोत्यांवर, फळीवर, आणि आत येणाऱ्याकडे सगळे एकदम पाहत. त्या दिवशी मी गल्लीतून निघाले, मेन रोडवर आले आणि दुकानाच्या खांबाशी उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत इंग्रजीत तयार केलं होतं. चांगलं झालं होतं. त्याचं मराठी करायचं राहिलं होतं.

माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण आत वेगळाच गोंधळ चालू होता. एक म्हातारे शेतकरी आले होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काउंटरवर पसरला होता आणि त्यात वावरातली माती आणली होती. मातीत सरकीचे दाणे होते, फुगलेले, कुजलेले, कोंब नसलेले. त्यांची कपाशी, आमच्याकडची पऱ्हाटी, उगवली नव्हती. बियाणं दुसऱ्या दुकानातून घेतलं होतं, आणि त्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की वरून टॉनिक फवारा, येईल. तेव्हा तुमच्याकडचं टॉनिक द्या, म्हणून ते आले होते.

मोठेबाबा दाणे बोटांनी फोडून पाहत होते. त्यांचा आवाज चढला. "अरे बावा, टॉनिक उभ्या पऱ्हाटीले लागते. जे उगवलंच नाई त्याले टॉनिक पाजून काय करतं? मातीले पाजतं का?"

दुकानात हशा झाला. म्हातारे हसले नाहीत. मी खांब सोडला.

"मोठेबाबा," मी म्हटलं, "मंग माह्या वावरात तरी काय उभं हाये?"

सगळे वळले. मी असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. होस्टेलमध्ये, शाळेत, घरातसुद्धा माझ्या तोंडून ही बोली कधी निघाली नव्हती. पण आता ती निघाली होती, आणि थांबण्यापेक्षा पुढे जाणं सोपं होतं. मी म्हटलं, तुमची पऱ्हाटी उभी हाये, थोडी सुकली हाये, तिले गोळी लागते. माह्यं वावर रिकामं हाये. रिकाम्या वावरात तुमी गोळीची फवारनी करून राह्यले.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विचारलं, "किती एकर हाये, पोरी?"

"थांब ना तू," मोठेबाबा त्यांना म्हणाले. मग काउंटरच्या आतून बाहेर आले. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलले. "उगवलंच नाई, का उगवून गेलं?"

"उगवलं होतं. मंग गेलं."

"कायनं?"

"आपल्याच राखनवाल्यानं खाल्लं."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच त्या पेशींवर उलटते, हे डॉक्टर बाईंनी मला चित्र काढून दाखवलं होतं. म्हाताऱ्यांनी चुकचुक केली. पोत्यावरच्या एकानं असे राखणदार कुठे कुठे निघाले याची माहिती द्यायला सुरुवात केली, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं.

मोठेबाबा म्हणाले, "पंचनामा झाला का?"

बियाणं उगवलं नाही अशी तक्रार आली की नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. साहेब येतात, पंच येतात, वावरात फिरून रोपं मोजतात, उगवण किती ते लिहितात. त्याशिवाय वावर रिकामं आहे असं मानतच नाहीत, ते डोळ्यांसमोर रिकामं पडलेलं असलं तरी. मी म्हटलं, नाही झाला. ते म्हणाले, मग पंचनाम्याबगर मी मानत नाही. बाक आणि पोती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. जीभ कोरडी पडली होती आणि ती उकाड्यानं पडली नव्हती.

मोठेबाबा फ्रिजपाशी गेले. खिशातून किल्ली काढली, बाटली काढली, फडकं ओलं केलं. "पन पंचनामा होईपर्यंत कोनाचं पानी बंद करत नाई आपन," ते दुकानाला उद्देशून म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली. म्हातारे म्हणाले, ने पोरी. मी ती दोन्ही हातांत धरून गल्लीत वळले. घरी गेल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, पंचनामा आहे. तिनं पुढे काही विचारलं नाही. आमच्या घरात या उत्तरानंही समाधान होत असे.

पंचनामा झाला. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते मोजणारी एक रक्ततपासणी असते, आणि डॉक्टरांनी ती लिहून दिली. मला वाटतं, त्यांना ती माझ्यासाठी नको होती, मोठेबाबांसाठी हवी होती. रक्त द्यायला मोठेबाबा माझ्यासोबत आले, आणि येताना बाकावरचे दोन जण पंच म्हणून घेऊन आले. रक्त काढणाऱ्या माणसानं त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते दारात उभे राहिले. सुई आत जाताना मोठेबाबांनी भिंतीकडे तोंड केलं, त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी पंचांनाच करावी लागली. एकानं नंतर दुकानात सांगितलं की रक्त रंगानं चांगलं होतं, दोष आत कुठेतरी असावा. दुसऱ्यानं सही कुठे करायची विचारलं. कुठेच नाही म्हटल्यावर तो जरा नाराज झाला.

नमुना नागपूरला गेला आणि निकाल आला. डॉक्टरांनी आकडा वाचून दाखवला. मोठेबाबा म्हणाले, टक्केवारीत सांगा. डॉक्टर म्हणाले, जवळजवळ नाहीच असं धरा. मोठेबाबांनी मान खाली घातली. दुसऱ्याचं वावर पाहून परत येताना ते असेच गप्प असत. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि जाहीर केलं की उगवण निल आहे, पोरीचं म्हणणं खरं आहे, गोळ्या बंद, इंजेक्शन चालू राहील.

मी सुटले असं मला वाटलं. पण ते थांबले नाहीत. उगवण निल निघाली म्हणजे तक्रार करावी लागते, आणि तक्रारीला थैलीवरचा लॉट नंबर लागतो, माल कुठून आला ते सांगणारा. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. दोघं शेजारी शेजारी बसले होते, कंपनीनं पाठवलेल्या प्रतिनिधींसारखे. आई घाईघाईनं म्हणाली की तिच्या माहेरी कोणालाच नाही. मोठेबाबांनी भुवया वर केल्या, म्हणजे आता आमच्या बाजूवर आलं. आणि तेव्हा बाबा बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"दादा, लॉट आपल्याच घरचा हाये. तक्रार कोनावर करता?"

मोठेबाबा उठले, चपला घातल्या आणि दुकानात गेले. त्या संध्याकाळी बाटली आणायला मी गेले. त्यानंतर रोज मीच जात असे. बाकावरचे लोक सरकून वाट देत आणि विचारत, काय म्हणते वावर. मी म्हणे, पाणी चालू हाये.

वहिनीची शुगर पोळ्याच्या आधीच गेली. मुलगी झाली. दरवर्षीची तपासणी वहिनी चुकवत नाही, कारण डॉक्टरांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग तिनं ऐकला होता. मोठेबाबांचं मात्र काही वर्षांनी गोळ्यांवर भागेना. सगळं करून पाहिल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं इन्सुलिन घ्या. ते दुकानात गेलेच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आले, मी चहा करत होते, आणि दाराला धरून उभे राहिले.

"म्हंजे मी आता वन झालो?"

मी म्हटलं, नाही. टूवालाही पुढे कधी इन्सुलिन घेतो, म्हणून तो वन होत नाही. तुमची पऱ्हाटी उभीच आहे, पण आता विरळ झाली, तिला वरून थोडं पाणी द्यावं लागेल.

"टूच ना?"

"टूच."

त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. ते पाटावर बसले, सदरा वर केला, डोळे गच्च मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. माझा हात हलल्याची चाहूल लागताच म्हणाले, "झालं?"

मी अजून सुईचं टोपणही काढलं नव्हतं. म्हटलं, "पंच बोलवू का?"

"नको," मोठेबाबा डोळे न उघडता म्हणाले, "फालतू लोक जमतात."